नरम काळ्या रंगाला कुठला पॅड लागतो

गाडीला मशीनने पॉलिश करायचं म्हटलं की चर्चा मशीनपासून सुरू होते. कुठल्या कंपनीचं, किती वॅटचं, वायरचं की बॅटरीचं. मग विषय कंपाउंडवर, म्हणजे रंग घासणाऱ्या जाड पेस्टवर येतो, त्यात तास जातो. पॅडचं, म्हणजे मशीनच्या तोंडाला लावून रंगावर फिरवायच्या फोमच्या किंवा लोकरीच्या चकतीचं नाव निघतं ते दुकानातून उठता उठता, "आणि दोन-तीन पॅड पण टाकून द्या" एवढंच. सगळं करून झाल्यावर माझा क्रम बरोबर उलटा झाला आहे. मशीन साधं असलं तरी चालतं, पॉलिश कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं घ्या, पण पॅड आपल्या गाडीच्या रंगाला मानवणारा हवा. आणि तसा एक पॅड घेऊन भागत नाही.

माझी गाडी काळी, जपानी कंपनीची सेडान. मुलुंडला आमच्या सोसायटीत स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये उभी असते, त्यामुळे ऊन लागत नाही. बाकी सगळं लागतं. शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट चालू आहे, सिमेंटची धूळ रोजचीच. गाड्या धुवायला बोअरचं पाणी, ते वाळलं की पांढरे ठिपके मागे ठेवतं. पहाटे गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत आणि एका फडक्यात अख्खी रांग उरकतो, आणि धुळीवरून फडकं फिरलं की प्रत्येक कण रंगावर आपली रेघ ओढून जातो. त्याच्यावर रागावून काय उपयोग? महिन्याला त्याच्या हातात जे पडतं त्यात दोन बादल्या आणि मायक्रोफायबरचे फडके कोण आणणार? स्टिल्टच्या ट्यूबलाइटखाली गाडी छान दिसायची. एलबीएस रोडच्या सिग्नलला बोनेटवर ऊन पडलं की मात्र सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणावं तशा बारीक गोल रेघा उठायच्या.

गॅरेजमध्ये यावर एकच औषध सांगतात: रबिंग-पॉलिश. रोटरी मशीन, म्हणजे पॅड नुसता स्वतःभोवती गरगर फिरवणारं, त्यावर लोकरीचा पॅड, वर जाडंभरडं कंपाउंड. अर्ध्या दिवसात गाडी हातात. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला हे केलेलं पाहिलं होतं. पहिले काही आठवडे गाडी झकास दिसली. मग कंपाउंडमधलं तेल आणि वर फासलेलं मेण धुऊन गेलं, आणि उन्हात होलोग्राम दिसायला लागले, मशीन जसं वळलं त्याच वळणाचे धूसर पट्टे. रोटरी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. हात बसलेला पेंटर रोटरीवर अप्रतिम काम करतो. पण रोटरी, लोकर आणि घाई एकत्र आल्या की काळा रंग ते लपवत नाही.

म्हणून ड्युअल अॅक्शन मशीन घेतलं. यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय एका छोट्या वर्तुळात हेलकावे घेतो. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो. ८, १५ आणि २१ मिलिमीटर हे नेहमी दिसणारे आकडे. मी १५ चं, पाच इंची बॅकिंग प्लेटवालं घेतलं; ही प्लेट म्हणजे पॅड चिकटवायची मशीनची तबकडी. घरातल्या साध्या ५ अँपिअरच्या प्लगवर ते आरामात चालतं, म्हणून पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडली. सेक्रेटरी काकांनी एवढंच विचारलं, "आवाज फार नाही ना रे होणार? वर आजोबा झोपलेले असतात." दुपारी एक ते चार बंद ठेवतो म्हटल्यावर परवानगी मिळाली. मशीनचा विषय एवढाच.

पॅडसाठी मात्र वणवण झाली. नागदेवी स्ट्रीटला, जिथे सगळ्या मुंबईची हत्यारं मिळतात, लोकरीचे पॅड ढिगाने होते. फोमचेही होते, पण बहुतेक रोटरीचे, आट्यांवर बसणारे, जाडजूड. मला वेल्क्रोवाले पातळ हवे होते. ऑपेरा हाऊसच्या अॅक्सेसरीजच्या दुकानांत ते मिळाले आणि तिथेच रंगांचा घोळ सुरू झाला. दुकानदार सांगत होता, "पिवळा कटिंगचा, म्हणजे रेघा कापून काढायचा, काळा फिनिशिंगचा, शेवटच्या चकाकीचा, डोळे मिटून घ्या." त्याच्या हातातल्या कंपनीपुरतं ते खरंही होतं. लेक कंट्रीच्या नेहमीच्या मालिकेत पिवळा म्हणजे जोरात कापणारा, नारिंगी त्याहून सौम्य, पांढरा पॉलिशचा, काळा फिनिशिंगचा. पण इटलीच्या रूपेसचा पिवळा बारीक कामाचा असतो. त्यांच्याकडे जाड काम निळा करतो, मधलं हिरवा आणि अगदी शेवटचं पांढरा. थ्रीएमचा निळा याच्या बरोबर उलट, सगळ्यात शेवटी हात फिरवायचा. म्हणजे एका कंपनीचा निळा जिथे संपतो तिथे दुसरीचा सुरू होतो. कुणी "मी निळ्या पॅडने केलं" असं सांगितलं आणि कंपनी सांगितली नाही, तर त्याने काहीच सांगितलेलं नाही.

त्यामुळे मी रंग बघायचं सोडलं आणि पॅड अंगठ्याने दाबून बघायला लागलो. दुकानदार वैतागतात, वैतागू देत. फोम किती कडक आहे, सोडल्यावर किती चटकन वर येतो, छिद्रं मोठी आहेत की बारीक, यावरून बरंच कळतं. कडक आणि मोठ्या छिद्रांचा फोम कापतो. मऊ आणि बारीक छिद्रांचा नुसतीच चकाकी आणतो. मग जाडी. ड्युअल अॅक्शनवर जाड, गुबगुबीत पॅड मशीनची हालचाल स्वतःच गिळून टाकतो. वर मशीन थरथरत असतं आणि खाली रंगापर्यंत अर्धीच हालचाल पोचते. पातळ पॅड ती पुढे देतो. मध्ये भोक असलेला पॅड मिळाला तर तो घ्यावा, कारण उष्णता सगळ्यात जास्त मधोमध साठते आणि वेल्क्रोचा गोंद तिथूनच सुटायला लागतो. आणि मापाचं: पाच इंची प्लेटला साडेपाच इंची पॅड. सगळ्या बाजूंनी थोडी कड बाहेर राहते, त्यामुळे कोपऱ्यात प्लेटची धार रंगाला लागत नाही. त्याहून मोठा लावला तर पॅडचं फिरणं मंदावतं.

लोकर मी पहिल्यांदाच बाजूला ठेवली. लोकरीचे तंतू स्वतः कापतात, फोमपेक्षा कमी तापतात, आणि खरवडलेल्या, पॉलिश पेपरने घासलेल्या रंगावर त्यांच्यासारखं काम कुणी करत नाही. माझ्या गाडीला तेवढ्याची गरज नव्हती. मायक्रोफायबरचा पॅड मोहात पाडणारा होता: पातळ फोमवर मायक्रोफायबरचे आखूड तंतू, ड्युअल अॅक्शनवर लोकरीच्या जवळपास काप. त्याचे दोन त्रास आहेत. घासून निघालेला रंग त्यात पटकन भरतो, आणि नरम रंगावर तो धुकं सोडतो.

नरम म्हणजे काय, ते आमच्या ओळखीच्या पेंटरनी सांगितलं होतं. भांडुपला त्यांचं वर्कशॉप आहे, वय साठीच्या पुढे. काळ्या गाडीवरून बोटाचं मागचं पेर फिरवून ते म्हणाले, "जपानी काळा लोण्यासारखा असतो, दादा. जपून कापा." त्यांच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर होतं, ते एका रविवारपुरतं मागून आणलं. बोनेट, छप्पर, दरवाजे सगळीकडे ११० ते १३० मायक्रॉनच्या आत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उजवं फेंडर मात्र दोनशेच्या वर गेलं, तिथे पूर्वी धक्का लागून रंग मारलेला आहे. बंपरवर मीटरने काहीच दाखवलं नाही, कारण ते प्लॅस्टिक; हे मीटर धातूवरचाच रंग मोजतं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: दिसतो तो आकडा प्रायमरपासूनच्या सगळ्या थरांचा मिळून असतो. त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, आणि पॉलिश करायचं ते फक्त त्यातलं. जोरात कंपाउंड मारलं की त्यातले दोन-तीन मायक्रॉन जातात. म्हणजे गाडीच्या आयुष्यात असे प्रकार हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच करायचे. पॅडची निवड शेवटी याच हिशोबावर येते: किती रेघा काढायच्या आणि त्यासाठी किती कातडं द्यायचं.

गाडी धुणं, विनेगरचं पातळ पाणी लावून बोअरच्या पाण्याचे ठिपके सैल करणं, रंगात रुतलेली घाण उचलणारी चिकणमातीसारखी वडी, म्हणजे क्ले बार फिरवणं, रबराच्या आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना मास्किंग टेप लावणं, हे सगळं सगळीकडे सांगितलेलं असतंच. एवढंच सांगतो की क्ले केल्याशिवाय पॅड लावायचा नाही, नाहीतर पॅड रंगात रुतलेली धूळच फिरवत बसतो.

चाचणी घेतली ती बोनेटवर. टेपने चौकोन आखले, आणि शेवटचा सोडून सगळ्या चौकोनांत पॉलिश एकच, मेग्वायर्स कंपनीचं बारीक कामाचं २०५. बदलायचा तो फक्त पॅड, नाहीतर फरक कुणामुळे पडला ते कळणार कसं? या कंपनीच्या १०५ (ते जोरात कापणारं कंपाउंड) आणि २०५ मधले कण घासताना झिजून बारीक होत नाहीत, म्हणून किती वेळ फिरवायचं हे बाटली ठरवत नाही, पॅड आणि हात ठरवतात. ते माझ्या पथ्यावर पडलं. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवली होती. रेघ फिरताना दिसते तोवर पॅड फिरतोय. थांबली की आपण जास्त दाबतोय किंवा मशीन तिरकं झालंय. नुसता थरथरणारा पॅड जवळजवळ काहीच कापत नाही. वेग डायलवर चार-पाचच्या मध्ये, आणि हात मुंगीच्या चालीने, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, आधी आडवा मग उभा.

सगळ्यात मऊ काळा पॅड आधी. सौम्यापासून सुरू करून गरज पडली तरच वर चढायचं, हा नियम मला पटलेला आहे, कारण कापलेला क्लिअर कोट परत येत नाही. काळ्याने चकाकी वाढली, जाळं तसंच राहिलं. मग मधला, पांढरा फोम. प्रत्येक चौकोनानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसत होतो, कारण पॉलिशचं तेल रेघांत बसून त्या लपवतं आणि आपण उगाच खूश होतो. पुसल्यावर टॉर्च मारला तर मधल्या पॅडच्या चौकोनातलं जाळं जवळपास गेलेलं. काही खोल रेघा उरलेल्या, पण रंग स्वच्छ, खोल, काळाभोर. मग कडक नारिंगी फोम: आणखी थोड्या रेघा गेल्या, पण तिरकं पाहिलं की अगदी पुसटशी धूसरता. शेवटच्या चौकोनात पॉलिशही बदललं, मायक्रोफायबरवर १०५ मारलं. तिथे खोल रेघासुद्धा गेल्या, आणि अख्खा चौकोन राखाडी धुक्यात बुडाला. ते धुकं काढायला अजून एक हात लागला असता, कदाचित दोन.

इथे मी बराच वेळ उकिडवा बसलो होतो. आमच्या मजल्यावरचे एक काका भाजी घेऊन आले, चारही चौकोन बघून म्हणाले, "हा शेवटचाच चांगला, ओरखडा नाही एक." मी म्हटलं, "काका, जरा या बाजूने बघा." त्यांनी बघितलं, "अरे, ढग आलेत," आणि लिफ्टकडे गेले. मला चौकोन दोनच आवडला. ज्या रेघेत नख अडकतं ती क्लिअर कोटमध्ये खोल गेलेली असते. ती काढण्यासाठी सगळ्या बोनेटचा थर पातळ करणं मला परवडणारं नव्हतं. राहू दे. मुंबईत गाडी चालवायची आहे, प्रदर्शनात ठेवायची नाही.

हाच पांढरा पॅड आणि हेच २०५ मी गंमत म्हणून सोसायटीतल्या मित्राच्या पोलोवर लावून पाहिलं. जर्मन कंपनीची, बनलेली आपल्या चाकणची. तिच्यावर या जोडीने काही म्हणजे काही केलं नाही. त्याच जागी मायक्रोफायबर आणि १०५ लावल्यावर कुठे रेघा हलल्या, आणि धुकंही नावालाच. जो पॅड माझ्या गाडीवर राक्षस ठरला तोच तिथे सरळमार्गी. त्यामुळे कुणी "सगळ्यात चांगला पॅड कुठला" असं विचारलं की मी आधी गाडी कुठली ते विचारतो, आणि उत्तर ऐकूनही चाचणी घ्या असंच सांगतो. माझ्याच गाडीचं ते रंगवलेलं उजवं फेंडर बाकीच्या गाडीपेक्षा वेगळं वागलं. तिथला रंग आणखी नरम निघाला, त्याला पांढराही जड झाला आणि काळ्या पॅडवरच भागलं.

मग खरेदी. आणि इथे माझं ठाम मत आहे: प्रत्येक जातीचा एकेक पॅड असलेले संच दिसायला देखणे असतात, पण ते घेऊ नका. आपल्याला कुठली जात लागते ते एकेक सुटा पॅड घेऊन शोधा, आणि मग त्याच जातीचे पाच-सहा घ्या. एक पॅड एक-दोन पॅनेल नीट करतो. मग तो पॉलिशने आणि निघालेल्या रंगाने भरतो, तापतो, नरम पडतो, आणि त्याच पॉलिशने त्याचा काप निम्म्यावर येतो. माणसाला वाटतं रंग कडक आहे, आणि तो अजून दाबतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे जास्तच. सकाळी सात वाजता पत्रा हाताला गार लागतो तेव्हा जो पॅड दोन दरवाजे काढतो, तो अकरा वाजता एकातच ढेपाळतो. मी प्रत्येक चौकोनानंतर ताठ ब्रशने पॅड झाडत होतो आणि पॅनेल संपलं की पॅड बदलत होतो. शेवटी पांढरे सहा, काळे दोन, आणि तीन इंची पांढरे तीन घेतले. नारिंगी आणि मायक्रोफायबर चाचणीचे एकेकच राहिले.

पॅडला सुरुवातीला पॉलिश बोटाने सगळीकडे पातळ चोळून घेतलं, मग दर वेळी वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. भरपूर ओतलं की पॅड रंगावर नुसता घसरतो. साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा भाग धरत होतो. बोनेट, छप्पर आणि डिकी मजेत झाली. दरवाजांची खालची बाजू करताना पाठ बोलायला लागली. धारांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे मशीन टेकवलंच नाही, टेप लावून बाजूने गेलो. तीन इंची पॅड खांबांना, आरशांना आणि बंपरच्या खोबणींना. बंपरवर वेग कमी केला, कारण प्लॅस्टिक उष्णता पसरू देत नाही, जिथे तापतं तिथेच तापतं.

हे सगळं दसऱ्याच्या आत संपवायचं होतं ते संपलं. गाडी उन्हात काढली तेव्हा सूर्य एकच गोल दिसत होता. आईने आरतीचं ताट घेऊन येऊन काळ्याभोर बोनेटच्या मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि झेंडूची माळ वायपरपासून लोगोपर्यंत ताणून बांधली. मी काही बोललो नाही. माळ मात्र ओढून काढली नाही, कात्रीने कापून उचलली, आणि कुंकू पाण्याचा फवारा मारून विरघळवलं. कोरड्या फडक्याने पुसलं असतं तर जाळ्याची पहिली रेघ तिथेच उमटली असती.

पॅड त्याच दिवशी कोमट पाण्यात भांड्यांचं सौम्य लिक्विड घालून धुतले. वाळलेलं कंपाउंड मग निघत नाही. पिळायचे नाहीत, दाबून पाणी काढायचं, आणि फोमची बाजू खाली ठेवून पंख्याखाली वाळवायचे, म्हणजे पाणी वेल्क्रोच्या गोंदाकडे जात नाही. उन्हात किंवा ड्रायरने वाळवले की गोंद सुटतो. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत ते दोन-दोन दिवस ओले राहतात आणि ओले पिशवीत भरले तर वास धरतात. म्हणून मोठं काम मी पावसाळा संपल्यावरच धरतो. तीन इंची पॅडपैकी एकाचा वेल्क्रो निघालाच. पांढरे सहाही धडधाकट आहेत. मायक्रोफायबरचा पोलोवाल्या मित्राला देऊन टाकला. काळ्यातला एक उजव्या फेंडरने झिजवला, दुसऱ्याने आता मेण लावतो.